सत्कार झाला, आता केसपेपर काढा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या विहारांत सत्काराचे कार्यक्रम होतात. त्रिसरण-पंचशील होते, पाहुणे बोलतात, जास्त टक्के मिळवणाऱ्या मुलीला पुष्पगुच्छ आणि बाबासाहेबांचे पुस्तक दिले जाते. चांगली प्रथा आहे, ती बंद करा असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याच कार्यक्रमात मागच्या सतरंजीवर बी.ए. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा बसलेला असतो. बारावीला त्याला अठ्ठेचाळीस टक्के पडले होते. त्याचा सत्कार झाला नव्हता आणि पुढेही होण्याची शक्यता कमीच. “बापू, पुढं काय करतोस?” असे त्याला त्या दिवशी कोणीच विचारत नाही. पाहुणे “मोठी स्वप्ने बघा” म्हणतात, टाळ्या वाजतात, नाश्ता होतो आणि मुलगा घरी जातो.

आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारेल. आम्ही नर्सिंगच्या कामातून आलो आहोत. कोंढा-कोसऱ्यात आणि पवनी तालुक्याच्या गावांत घरोघर फिरताना जे दिसते त्यावरून आमचे मत पक्के झाले आहे. वीस ते तीस वयाच्या आपल्या मुलामुलींचे निम्मे दुखणे चुकीच्या किंवा न मिळालेल्या सल्ल्यातून येते. रक्त कमी, झोप उडालेली, तोंडात खर्रा, पोटात ॲसिडिटी, बोलणे बंद. औषधाच्या गोळीने हे बरे होत नाही, कारण मूळ दुखणे आहे ‘पुढे काय’ हेच.

दवाखान्यात माणूस आला की आधी केसपेपर काढतात. नाव, वय, काय होते, कधीपासून होते, आधी काय औषध घेतले, घरात कोणाला काय आजार आहे. काही न विचारता सुई टोचणाऱ्याला आपण भोंदू म्हणतो. करिअर मार्गदर्शन शिबिरात मात्र हेच चालते. समोर दोनशे मुले बसतात आणि सगळ्यांना एकच सुई: स्पर्धा परीक्षा द्या, अधिकारी व्हा. कोणाच्या घरी काय आहे, कोणाला काय झेपते, कोणाला काय आवडते, याची चौकशी होत नाही.

याचा परिणाम अभ्यासिकांत बघायला मिळतो. आपल्या वस्त्यांत अभ्यासिका झाल्या याचा आम्हाला अभिमान आहे. जिथे एकेकाळी पाटीसुद्धा नव्हती तिथे आज रात्री बारापर्यंत दिवा जळतो. पण त्या दिव्याखाली सहा-सात वर्षे बसून राहिलेली मुलेही आम्ही बघतो. राज्यसेवेसाठी खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत वयाची मर्यादा आहे. हा हक्क मोठ्या झगड्याने मिळाला, तो हवाच. मात्र या ४३ ला दुसरी बाजूही आहे. समोरचे दार अजून उघडे आहे म्हणून मुलगा बसून राहतो आणि बाजूची लहान दारे एकेक करून बंद होतात. पोलीस शिपायासाठी मागासवर्गीयांची मर्यादा ३३ आहे. एएनएम आणि जीएनएमच्या प्रवेशाची मर्यादा ३५ आहे. कोणते दार कधी बंद होते हे पंचविसाव्या वर्षी सांगणारा माणूस लागतो. तो भेटत नाही आणि छत्तिसाव्या वर्षी मुलाला ते आपोआप कळते.

जागे राहायला खर्रा लागतो. सुपारी, तंबाखू, चुना, दिवसाला दोन-तीन पुड्या. अभ्यासिकेच्या मागची भिंत बघा, सगळे कळेल. वर्ष-दोन वर्षांत तिखट लागत नाही, तोंडात जळजळ होते. मग हळूहळू तोंड उघडणेच कमी होते, तीन बोटे उभी तोंडात जात नाहीत. हा कर्करोगाच्या अलीकडचा टप्पा आहे आणि ऐन पंचविशीच्या मुलांत आम्ही तो बघतो. अभ्यासिका समितीने वर्गणीचा हिशेब ठेवावा तसा याचाही हिशेब ठेवला पाहिजे. मुलाला नुसते “खर्रा सोड” म्हणून तो सुटत नाही. “तीन वर्षे झाली, आता दुसरा मार्गही सोबत ठेव” असे सांगणारा कोणी असेल तर सुटण्याची आशा जास्त, असा आमचा अनुभव आहे.

कोंढ्याच्या विहारात आम्ही काही जण रविवारी बसतो. नर्सिंगमधल्या दोघी, एक निवृत्त गुरुजी, कॉलेज संपवून नोकरीला लागलेली दोन-तीन मुले. येणाऱ्या प्रत्येकाचा केसपेपर काढतो. घरात कमावते किती, बचत गटाचे किंवा फायनान्सवाल्याचे कर्ज किती, रोवणी-कापणीच्या दिवसांत घरी राहावे लागते का, शाळेत कोणता विषय आवडायचा, मागच्या परीक्षेत नापास झाल्यावर किती दिवस घराबाहेर निघाला नाहीस. आणि शरीराचे प्रश्न: झोप किती, हिमोग्लोबिन किती, चष्मा आहे का, रंग नीट ओळखता येतात का, सिकलसेलची तपासणी झाली का.

रंगांचा प्रश्न ऐकून मुले हसतात. पण रेल्वेत गाडी चालवण्याच्या पदाची तयारी दोन-तीन वर्षे करून, लेखी पास होऊन, वैद्यकीय तपासणीत रंगांधळेपणामुळे बाहेर पडलेला मुलगा आम्ही पाहिला आहे. ठिपक्यांच्या आकड्यांचे पुस्तक समोर धरले की ही तपासणी पाच मिनिटांत होते. ती तयारीच्या पहिल्या आठवड्यात व्हायला हवी होती. त्याच पैशात, त्याच मेहनतीत तो दुसऱ्या पदाची तयारी करू शकला असता.

सिकलसेलचे जरा सविस्तर सांगतो, कारण हा आजार आपल्या घरचा आहे. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात तो जास्त आढळतो. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एकाच पालकाकडून हा गुण आलेला माणूस वाहक असतो. तो आजारी नसतो आणि बहुतेक कोणतेही काम करू शकतो. दोन्हीकडून आलेला रुग्ण असतो. त्याला सांधे दुखणे, कावीळ, रक्त कमी होणे, अचानक असह्य वेदना असे त्रास होतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. एप्रिल-मे महिन्यांत वैनगंगेच्या काठावर मुले पाणी न पिता धावण्याचा सराव करतात. सिकलसेलच्या रुग्णासाठी हा सराव जिवावर बेतू शकतो. वाहकानेही कडक उन्हात, तहानलेल्या अवस्थेत जोर लावताना जपले पाहिजे. तपासणी सरकारी दवाखान्यात होते, मोफत होते. भरतीचा सराव सुरू करण्याआधी ती करून घ्या. करिअरचा सल्ला म्हणतात तो इथून सुरू होतो.

आणि रुग्ण असलेल्या मुलाला किंवा मुलीला “तुझ्याकडून काय होणार” म्हणून घरी बसवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल हा आजार दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत धरला आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के राखीव जागांचा लाभ मिळतो, शिवाय प्रवेशाच्या वयात ५ वर्षांची सूट मिळते. इथे एक खोच आहे, ती सांगितलीच पाहिजे. याच कायद्यातल्या सरकारी नोकरीच्या ४ टक्के आरक्षणात रक्ताचे आजार धरलेले नाहीत. म्हणजे दार शिक्षणात उघडले आहे, नोकरीत नाही. ते नोकरीतही उघडावे यासाठी संघटनांनी बोलले पाहिजे, आणि सिकलसेलचा भार ज्या समाजांवर आहे त्यांनी सगळ्यात आधी बोलले पाहिजे. तोवर अशा मुलांना ग्रंथालय, हिशेब, संगणक, शिक्षण, प्रयोगशाळा असे, शरीराला न तोडणारे मार्ग दाखवणे हे सल्लागाराचे काम.

मुलींचा केसपेपर वेगळाच निघतो. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांत ५४.२ टक्के जणींचे रक्त कमी आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आढळले. वर्गात झोप येते, पाठ केलेले राहत नाही, मैदानावर चक्कर येते आणि पोरगी स्वतःच म्हणते, “मले डोकंच नाही.” डोके आहे, रक्त नाही. दुसरी गोष्ट म्हणजे तिच्याजवळ वेळ मोजून असतो. भावाला अभ्यासिकेत सहा वर्षे मिळतात, तिला बी.ए. नंतर फार तर दोन. तेवढ्यात काही झाले नाही तर पाहुणे येऊन पाहून जातात. म्हणून तिला ‘बघू पुढे’ असा सल्ला देणे म्हणजे लग्नाचा सल्ला देणे. तिच्या बाबतीत दोन-तीन वर्षांत हातात कमाई देणारा मार्ग आधी आणि मोठे स्वप्न त्याच्या पायावर, असे आमचे स्पष्ट मत आहे. काही कार्यकर्त्यांना ते आवडत नाही. “आपल्या मुलींना नर्सच करायचे का, कलेक्टर नको का?” असे आम्हाला विचारतात. व्हावे, जरूर व्हावे. स्वतःच्या पगारावर उभी असलेली मुलगी तिशीतही परीक्षा देऊ शकते, घरच्यांच्या परवानगीवर असलेली देऊ शकत नाही.

आता नर्सिंगचे विचारतातच म्हणून सांगतो. एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. बी.एस्सी.ला बारावी विज्ञान, जीवशास्त्रासह लागते आणि सीईटी द्यावी लागते. पण बारावी आर्ट्स झालेली मुलगीसुद्धा एएनएम आणि जीएनएमला जाऊ शकते, बी.ए. झालेलीही जाऊ शकते. हे आपल्या घरांत फार कमी जणांना माहीत आहे. जीएनएम नंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक करून पदवी होते, म्हणजे वाट तिथेच थांबत नाही. मुलांनाही सांगतो, हे बायकांचे काम नाही. दवाखान्यांत पुरुष नर्स लागतात.

या माहितीच्या अभावावर जगणारी दुकाने आहेत. ‘सहा महिन्यांत नर्स, शंभर टक्के नोकरी’ असे फलक तुम्ही बस स्टँडजवळ पाहिले असतील. सहा महिन्यांत नर्स होता येत नाही, एक वर्षातही नाही. सगळ्यात छोटा कोर्स दोन वर्षांचा आहे. भारतीय नर्सिंग परिषद आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल यांच्या मान्यतेच्या यादीत संस्थेचे नाव नसेल तर तुमची नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही तर तुम्ही नर्स नाही. मग खासगी दवाखान्यात गणवेश घालून तुटपुंज्या पगारावर रात्रपाळी करायची आणि आईने गटातून उचललेले कर्ज फेडायचे. अशा मुली आमच्याकडे येतात, तेव्हा पैसे गेलेले असतात. फी भरण्याआधी या. यादीतले नाव बघायला दहा मिनिटे लागतात.

सत्काराची गोष्ट निघालीच आहे तर एक सत्कार आठवू. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. हे आपल्यातल्या लहान मुलालाही माहीत आहे. त्याच्या पुढचे आपण कमी सांगतो. केळुसकर गुरुजी सत्कार करून घरी गेले नाहीत. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला ते आधीपासून ओळखत होते, त्याला पुस्तके देत होते. घरची परिस्थिती त्यांना माहीत होती. पुढे शिकायला पैसा नाही असे दिसले तेव्हा त्यांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियाला गेले. बुद्धिमत्ता बाबासाहेबांची होती, कष्ट त्यांचे होते. पण त्या बुद्धीला कोणत्या दारावर जायचे हे ठाऊक असलेला एक शिक्षक जवळ होता.

आणि बाबासाहेबांनी हेच काम नंतर आपल्या सगळ्यांसाठी केले. २९ ऑक्टोबर १९४२ ला व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. केवळ कला आणि कायदा शिकून आपले भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रशिक्षण लागेल, असे त्यात मांडले. ऐंशी वर्षांपूर्वी त्यांनी समाजाचा केसपेपर काढला होता असे म्हणा ना! १९४४ पासून सुरू झालेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर आपल्या किती पिढ्या शिकल्या. तरी आज आपल्या गावांतली बहुतेक मुले आर्ट्सलाच का जातात? गावात किंवा जवळ तेवढेच आहे म्हणून आणि दुसरे काय आहे हे सांगणारे कोणी नाही म्हणून.

सांगणारा मिळाला तर काय होते, तेही आपल्या विदर्भातच दिसते. २०१३ पासून वर्ध्यात अनूप कुमार नालंदा अकादमी चालवतात. खेड्यांतल्या दलित, आदिवासी, ओबीसी मुलांना ठेवून घेऊन मोठ्या विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षांची तयारी करून घेतात. २०१७ साली यवतमाळात राजू केंद्रे यांनी एकलव्य सुरू केले. ते स्वतः बुलडाणा जिल्ह्यातल्या खेड्यातून शिकत गेलेले. अशा कामांतून गेलेली मुले टाटा समाजविज्ञान संस्थेत, केंद्रीय विद्यापीठांत पोचली. ती काही वेगळ्या मातीची नव्हती. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून एकच सीयूईटी परीक्षा आहे. फॉर्म कधी सुटतो, कोणते विषय निवडायचे, वसतिगृह मिळते का, हे कोणी वेळेत सांगितले एवढाच फरक. असे केंद्रीय विद्यापीठ वर्ध्यातही आहे, दिल्लीपर्यंत जायलाच हवे असे नाही.

पण सगळेच वर्ध्याला जाणार नाहीत. नागपूर विद्यापीठाच्या अखत्यारीतल्या आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांत जे शिकतात त्यांचे काय? कॉलेजच्या भिंतीवर ‘करिअर मार्गदर्शन कक्ष’ अशी पाटी असते, चौकशी केली तर त्या खोलीत परीक्षेचे गठ्ठे निघतात. प्राध्यापकांना आम्ही दोष देत नाही, तासिका तत्त्वावर राबणारा माणूस किती करणार. मात्र पालकांनी विचारले पाहिजे: या कक्षात आठवड्यातून किती वेळ कोण बसते? माझ्या मुलीशी तो एकदा तरी एकटीशी बोलला का? विचारणारे दहा पालक आले तर खोलीतले गठ्ठे हलतील.

कागदांचे दुखणे वेगळे आणि तेही जीव काढते. अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा रहिवासाचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला, जुना कोतवाल बुक उतारा, असे काही शोधून ठेवा. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. केंद्राच्या फॉर्मला केंद्राच्या नमुन्यातला दाखला जोडायचा असतो, राज्याचा जोडला म्हणून अर्ज अडकलेले आम्ही पाहतो. जात पडताळणी अकरावी-बारावीतच टाका, प्रवेशाच्या आठवड्यात नाही. शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे, वर असाल तर फ्रीशिप बघा. वसतिगृहात जागा नाही मिळाली तर स्वाधार योजना आहे. शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र. आणि गोसीखुर्दमध्ये ज्यांची जमीन-घर गेले त्यांनी प्रकल्पग्रस्ताचा दाखला कपाटात ठेवून दिला आहे. वर्ग तीन आणि चारच्या भरतीत त्याला ५ टक्के समांतर आरक्षण आहे. दाखला एका कुटुंबाला एकच असतो, म्हणून तो कोणाच्या नावे करायचा हे घरात बसून ठरवा. नेहमी थोरल्या मुलाच्याच नावे झाला पाहिजे असा नियम कुठे लिहिलेला नाही.

हे सगळे करूनही मुलगा नापास होतो, यादीत नाव येत नाही. २०२१ साली मुख्य परीक्षा उत्तीर्ण होऊन मुलाखतीची वाट पाहणाऱ्या पुण्याच्या एका तरुणाने जीवन संपवले, तेव्हा महाराष्ट्र हळहळला. वस्तीतली अशी दुखणी वर्तमानपत्रात येत नाहीत. मुलगा जेवत नाही, रात्रभर जागा असतो, ज्या मित्रांशिवाय करमायचे नाही त्यांना टाळतो, ‘मी घरावर ओझे आहे’ म्हणतो. हे नखरे नव्हेत. त्याला एकटे सोडू नका, सरळ विचारा, मनात मरण्याचे विचार येतात का म्हणूनही विचारा. विचारल्याने असे विचार वाढत नाहीत, मन हलके होते. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. दिवसरात्र चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार आहे. तिथे जाण्यात लाज कसली, मोडलेल्या हाताला प्लास्टर घालायला जातोच ना आपण. आणि त्या दिवसांत काका-मामांनी “तो अमक्याचा पोरगा बघ, लागला” हे वाक्य कृपा करून गिळावे.

विहार समित्यांना आमचे मागणे मोठे नाही. सत्काराच्या खर्चातला थोडा भाग बाजूला ठेवा. एक रजिस्टर घ्या, वस्तीतल्या अकरावीपासून पदवीपर्यंतच्या प्रत्येक मुलामुलीचे नाव त्यात लिहा, नापास झालेल्यांचे आधी. नोकरीत असलेल्या, निवृत्त झालेल्या दोन-तीन माणसांना आठवड्याचा एक तास मागा. नोकरीला लागून नागपूर-पुण्याला गेलेले आपले भाऊ जयंतीला वर्गणी पाठवतात, त्यांच्याकडून तासही मागा, फोनवरचा चालेल. बार्टीच्या समतादूताला बोलवा. वर्षावासात लोक जमतातच, एक दिवस रक्त आणि सिकलसेलच्या तपासणीचा ठेवा, आरोग्य केंद्राला पत्र दिले की माणसे येतात.

कोंढ्याच्या विहारात आम्ही रविवारी सकाळी वंदनेनंतर बसतो. येताना दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि असतील तर रक्ताचे रिपोर्ट आणा. रोवणी लागली की आयांना सकाळी जमत नाही, म्हणून त्या दिवसांत संध्याकाळी दिवाबत्तीनंतर बसू. मुलांनी एकटे येऊ नये, आई-बापाला सोबत आणावे. केसपेपरवरचे अर्धे प्रश्न त्यांनाच विचारायचे असतात.